आधी शोरील, मग कॅमेरा: एकट्याने फिल्म करणाऱ्यांसाठी

गेली नऊ वर्षं मी एकटीच शूट करते. कॅमेरा मीच धरते, माइक मीच लावते, प्रश्न मीच विचारते आणि रात्री घरी येऊन कार्डही मीच रिकामं करते. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या संस्था, शेतमालाच्या कंपन्या आणि अधूनमधून स्वतःची एखादी छोटी डॉक्युमेंटरी, असं माझं काम.

नवीन मुलंमुली फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कॅमेरा कोणता घेऊ?" मी विचारते, "तुझी रील आहे का? पाठव बरं." रील, म्हणजे शोरील: आपल्या कामातले निवडक शॉट जोडून गिऱ्हाइकाला दाखवायची छोटी फिल्म. बहुतेक वेळा ती नसते. मीही याच क्रमाने गेले होते. हप्त्यावर महागडी बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) घेतली, सोबत आलेली किट लेन्स लावली, आणि माइकसाठी पैसेच उरले नाहीत. पहिलं बरं काम मिळालं ते हळद शिजवणाऱ्या एका मावशींच्या मुलाखतीचं. चित्र सुरेख आलं. आवाजात मात्र पत्र्याच्या शेडमधला घुमारा आणि मागच्या इंजिनाची घरघर. मावशी काय बोलल्या ते धड कळेना. त्या क्लायंटने मला पुन्हा बोलावलं नाही आणि कॅमेऱ्याचे हप्ते पुढे दीड वर्ष चालू राहिले.

म्हणून या लेखात क्रम वेगळा आहे. आधी रील करायची, तीही भाड्याच्या किंवा मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर. ती करताना काय अडलं ते वहीत लिहायचं. त्या वहीवरून कॅमेरा ठरवायचा.

१. कोणतं काम हवंय ते एका ओळीत लिहा

"मी सगळं करतो" असं सांगणाऱ्याला कोणतंच काम पटकन मिळत नाही. लग्नं, कंपनीच्या फिल्म, संस्थांच्या डॉक्युमेंटरी, म्युझिक व्हिडिओ, खाद्यपदार्थांच्या जाहिराती, या प्रत्येकाचा गिऱ्हाईक वेगळा. संस्थेच्या माणसाला तुमच्या रीलमध्ये माणसं बोलताना दिसली पाहिजेत. हॉटेलवाल्याला वाफाळती मिसळ दिसली पाहिजे. दोन्ही एकाच रीलमध्ये कोंबलं तर दोघंही अर्ध्यावर बंद करतात. दोन प्रकारची कामं हवी असतील तर दोन रील करा.

तुम्ही कॅमेरा, एडिट की दिग्दर्शन विकताय, तेही याच ओळीत लिहा. एकट्याने काम करणारा तिन्ही करतो हे खरं, पण बघणाऱ्याला एक गोष्ट आधी कळावी लागते.

२. जुनं फुटेज उपसा

हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, मित्राचा लॅपटॉप, सगळं काढा. एक 'निवड' नावाचं फोल्डर करा आणि त्यात फक्त अशा क्लिप टाका ज्या दाखवताना तोंडातून "हे जरा घाईत झालं होतं" असं निघणार नाही. माझ्या पहिल्या वेळी चार वर्षांच्या फुटेजमधून अशा अकरा क्लिप निघाल्या. अकरा पुरतात. हातात काहीच नसेल तर थेट पुढच्या पायरीवर या.

३. जे नाही ते दोन दिवसांत शूट करा

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला तेव्हा त्यांना चित्रपटासाठी भांडवल उभं करायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोज त्याची थोडी थोडी चित्रं घेतली आणि रोप वाढतानाची चिमुकली फिल्म पैसे देणाऱ्यांना दाखवली. त्यात नट नव्हते, सेट नव्हता. हे यंत्र काय करू शकतं आणि हा माणूस काय करू शकतो, एवढं त्या रोपात दिसलं. तुमच्याकडे क्लायंट नसेल तर तुम्हालाही अशीच एक कुंडी शोधायची आहे.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडणारं हाताचं काम यासाठी सर्वांत चांगलं. कुंभार, लोहार, पैठणीचा माग, खानावळीतली पहाट. मी गुऱ्हाळ निवडलं होतं. आमच्याकडे हंगामात ते सहज मिळतं आणि आधी जाऊन गुळव्याशी, म्हणजे गूळ करणाऱ्याशी बोललात तर माणसं आनंदाने करू देतात. तिथे जो धडा मिळाला तो सविस्तर सांगते.

काहिलीतून, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईतून उठणारी वाफ समोरून शूट केली की नुसता पांढरा धुरळा दिसतो. मी पहिला तासभर तेच करत होते. मग गुळव्याने मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी त्याच्या वाटेत येत होते, आणि मी काहिलीच्या पलीकडे गेले. आता शेडचं उघडं दार माझ्या समोर आणि काहिल मध्ये. सकाळचा उजेड वाफेच्या मागून आला आणि एकेक वळसा वेगळा दिसायला लागला. माणसाची फक्त कड उजळली. माझ्या रीलचा पहिला शॉट आजही तोच आहे. वाफ, धूर, धूळ, पाऊस यांना उजेड मागून लागतो.

प्रत्येक कामाचे किमान पाच शॉट घ्या: संपूर्ण जागा, काम करणारा माणूस, त्याचे हात, चेहरा, आणि जे तयार होतंय ते. प्रत्येक शॉट दहा सेकंद हलवल्याशिवाय धरा. नवखे तीन सेकंदांत कॅमेरा फिरवतात आणि एडिटला बसल्यावर रडतात.

*भाड्याने कॅमेरा घ्यायला लागणारी कागदपत्रं:*

- आधार आणि पॅन, मूळ प्रत व झेरॉक्स
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा: लाइटबिल किंवा भाडेकरार
- डिपॉझिट; काही ठिकाणी सही केलेला चेक मागतात
- पहिल्या वेळी दुकानदाराच्या ओळखीच्या एखाद्याचा फोन

काउंटरवरच मोबाइलने व्हिडिओ करा. बॉडीचा सिरीयल नंबर, लेन्सची पुढची आणि मागची काच, स्क्रीन, सगळी पोर्टं दिसू द्या. मी एकदा आळस केला आणि आधीपासून असलेल्या ओरखड्याचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले. एका दिवसाचं भाडं म्हणजे किती वाजेपर्यंत, तेही विचारून लिहून घ्या. आणि लेन्सचं छिद्र एफ १६ इतकं लहान करून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर डाग असतील तर त्यात काळे ठिपके दिसतात.

४. सेटिंग घरीच लावून निघा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे बऱ्याच ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं आणि चित्रात पट्टे सरकताना दिसतात. उपाय सोपा आहे: सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, १/५० सेकंद. कॅमेरा किंवा मोबाइल ३० फ्रेम्सवर असला तरी घरातल्या दिव्याखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, १/६० नको. स्लो मोशनला १०० फ्रेम्स आणि शटर १/१०० असेल तर पट्टे येत नाहीत. हालचाल जरा जास्त पुसट दिसते, पण चालते.

उन्हात १/५० शटर ठेवायचं म्हणजे चित्र पांढरंफटक होणार. त्यासाठी एनडी फिल्टर लागतो, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काळसर काच. शटर १/२००० केलं तर माणसाची चाल तुटक, टकटक दिसते.

लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंगवायच्या फिकट चित्राच्या प्रोफाइलमध्ये शूट करायचा मोह आवरा. एस-लॉग, सी-लॉग, व्ही-लॉग यांत चित्र मुद्दाम फिकट येतं, कारण उन्हातलं आणि सावलीतलं दोन्ही सांभाळायचं असतं. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मिळतात, १० बिटमध्ये १०२४. ८ बिटचं फिकट चित्र ओढूनताणून रंगवलं की आकाशात पायऱ्या पडतात. कॅमेरा १० बिटचा नसेल तर साध्या प्रोफाइलमध्येच शूट करा.

५. आवाज

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझं नुकसान इथेच झालं होतं.

थोडं हललेलं चित्र लोक चालवून घेतात. न कळणारा आवाज कुणीही चालवून घेत नाही. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक कॅमेऱ्याएवढाच लांब असतो, म्हणजे माणूस दोन मीटरवर असेल तर माइकही दोन मीटरवर. बोलणाऱ्याच्या छातीवर कॉलर माइक लावा. तोंडापासून वीतभर अंतर पुरे.

साडी नेसलेल्या बाईला माइक लावताना बहुतेक जण तो पदराला अडकवतात. पदर हलतो, घसरतो, आणि प्रत्येक वाक्याखाली खसखस येते. मंगळसूत्र माइकवर आपटलं तर ठोके येतात. मी आता पदराला हातच लावत नाही. माइक ब्लाउजच्या गळ्याच्या कडेला, आतल्या बाजूने. मेडिकलमध्ये मिळणारी मायक्रोपोर पट्टी त्रिकोणी घडी करून माइकच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे कापड माइकवर घासत नाही. त्यांना स्वतःला किंवा घरातल्या बाईला लावू द्यायचं आणि आपण नुसतं सांगायचं. मग मंगळसूत्र थोडं बाजूला करायला विनंती. बांगड्या काढायला मी कधीच सांगत नाही; हात मांडीवर ठेवून बोलायला सांगितलं की काम होतं. माइकचा ट्रान्समीटर (आवाज पाठवणारी डबी) कमरेला खोचायचा. या सगळ्याला चार मिनिटं लागतात आणि त्या चार मिनिटांत गप्पाही होतात.

रेकॉर्ड सुरू करण्याआधी डोळे मिटून जागेचा आवाज ऐका. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर, शेजारचा टीव्ही. पंखा बंद करा. फ्रिज बंद करणार असाल तर तुमच्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मुलाखत घेऊच नका. माणसाला बाहेर झाडाखाली न्या, नाहीतर ज्या खोलीत गाद्या, गोधड्या, कपडे आहेत तिथे बसवा.

बोलणं मीटरवर साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. कानात हेडफोन असलाच पाहिजे. मीटर हलतं म्हणजे आवाज चांगला आहे असं नाही. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून त्याच जागेचा अर्धा मिनिट रिकामा आवाज रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन वाक्यं जोडताना मधली फट त्यानेच भरते.

६. एडिट

लांबी सव्वा ते दीड मिनिट. त्याहून मोठी रील शेवटपर्यंत बघायला समोरच्याकडे कारण नसतं.

सर्वांत चांगला शॉट पहिला. फिरणारा लोगो, उगवता सूर्य, शूटच्या जागेवर कॅमेरा धरलेले तुम्ही, यातलं काहीही सुरुवातीला नको. पहिल्या दोन शॉटनंतर तुमचं नाव आणि काम तीन सेकंद दिसू द्या.

मग एक गोष्ट करा जी फार थोडे जण करतात: मध्ये संगीत थांबवून वीस-पंचवीस सेकंदांचा एक पूर्ण प्रसंग, त्याच्या मूळ आवाजासकट ठेवा. माणूस बोलतोय, दुसऱ्या कोनातून हात दिसतोय, पुन्हा चेहरा. संगीतावर भराभर कापलेले शॉट कुणालाही जमवता येतात. तुम्हाला प्रसंग सांभाळता येतो का, आवाज स्वच्छ घेता येतो का, हे त्या पंचवीस सेकंदांतच कळतं. मला मिळालेल्या निम्म्याअधिक कामांत फोन करणाऱ्याने याच तुकड्याचा उल्लेख केला आहे.

नेहमीचे खड्डे:

- एकच जागा तीन वेळा वेगवेगळ्या कोनातून. बघणाऱ्याला कळतं की काम एकच आहे.
- सगळं स्लो मोशनमध्ये.
- ज्या शूटवर तुम्ही फक्त सहायक होता तिथले शॉट स्वतःचे म्हणून लावणं. आपला धंदा छोटा आहे, ज्याचं काम आहे त्याच्यापर्यंत रील पोचतेच. कोपऱ्यात "कॅमेरा", "एडिट" अशी आपली भूमिका लिहा.
- एक शॉट फक्त मेहनत खूप लागली म्हणून ठेवणं.

सॉफ्टवेअरसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. तुमच्या कॅमेऱ्याची एक क्लिप आधी उघडून बघा. १० बिट फाइल्स जुन्या लॅपटॉपवर अडखळतात. तसं झालं तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती बनवून एडिट करा.

पहिली आवृत्ती झाली की दोन दिवस बघू नका. मग आवाज बंद करून बघा, नंतर चित्र न बघता नुसती ऐका. शेवटी फिल्मशी संबंध नसलेल्या एखाद्याला दाखवा आणि फक्त विचारा, "काय आठवतंय?" जे कुणालाच आठवत नाही ते काढा.

७. संगीत आणि परवानग्या

सिनेमातलं गाणं लावू नका. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओ अडवू शकते. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत वापरायचं संगीत आहे, त्यातून घ्या आणि प्रत्येक ट्रॅकची अट वाचा. क्लायंटच्या कामातले शॉट वापरायला व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी होकार घ्या. लग्नाच्या फुटेजला नवरानवरीचा होकार लागतो. मुलाखत दिलेल्या माणसाकडून साध्या मराठीत लिहिलेल्या एका पानावर सही घ्या, आणि त्याआधी ते पान मोठ्याने वाचून दाखवा. रेल्वे स्टेशन आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले किल्ले यांना वेगळी परवानगी लागते; ट्रायपॉड उघडला की पहिला प्रश्न तिथेच येतो.

८. एक्सपोर्ट करा आणि पाठवा

एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, २५ फ्रेम्स, सेकंदाला २० मेगाबिट. दीड मिनिटाची फाइल साधारण २२५ एमबी होते. आवाजाची एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास.

यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवा, 'प्रायव्हेट' नको. प्रायव्हेट लिंक समोरच्याला उघडतच नाही. ड्राइव्हची लिंक देत असाल तर परवानगी 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी करा. पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर चित्राचा चुरा होतो, तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत तीन ओळी पुरतात: मी कोण, तुमच्या कोणत्या कामासाठी लिहितोय, फोन नंबर. फाइलच्या नावात तुमचं नाव असू द्या. 'फायनल फायनल २' या नावाची फाइल समोरच्याला पुन्हा कधी सापडणार नाही.

९. आता कॅमेरा

वही काढा. रील करताना काय अडलं? संध्याकाळी चित्रात दाणे आले? हातात धरून हललं? लेन्स पुरेशी रुंद नव्हती? बॅटरी संपली? खरेदीची यादी म्हणजे हीच उत्तरं.

बॉडीत मी या क्रमाने बघते: माइकचं पोर्ट, हेडफोनचं पोर्ट, १० बिट रेकॉर्डिंग, बाजूला उघडणारी स्क्रीन, आणि एप्रिल-मेच्या उन्हात किती वेळ तापल्याशिवाय चालतो. एकट्याने मुलाखत घेताना तुम्ही माणसाच्या डोळ्यांकडे बघत असता, फोकस बघायला दुसरं कुणी नसतं. म्हणून चेहऱ्याचा ऑटोफोकस भरवशाचा हवा. दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड होत असेल तर उत्तम. जवळच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हेही बघा.

फुलफ्रेमच, म्हणजे मोठ्या सेन्सरचाच कॅमेरा हवा हा हट्ट सोडा. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमीची लेन्स साधारण ७५ मिमीसारखी दिसते, म्हणजे चौकटीत जागा कमी मावते, म्हणून छोट्या खोल्यांत शूट करायला १६ मिमीपर्यंत जाणारी लेन्स घ्या. एफ २.८ चा, म्हणजे छिद्र मोठं उघडणारा झूम एकट्या माणसाला दोन प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतो. बदलायला वेळच नसतो. बॉडी तीन-चार वर्षांत जुनी होते, लेन्स टिकते. त्यामुळे सोनी ई, कॅनन आरएफ, निकॉन झेड, फुजी एक्स किंवा एल माउंट, यातला माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स बसायची जागा, नीट विचार करून निवडा. ओळखीत कुणाकडे कोणता माउंट आहे तेही बघा, अडीअडचणीला लेन्स मागता येते.

पैशांची वाटणी मी अशी सांगते: बॉडीवर चाळीस टक्के, लेन्सवर पंचवीस, आवाजावर पंधरा, उरलेले वीस ट्रायपॉड, लाइट, कार्ड आणि बॅटऱ्यांवर. आकडे थोडे हलले तरी हरकत नाही, पण बॉडी निम्म्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात भाव करता येतो. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी नसेल तर वाचलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात. सेकंड हँड घेताना स्वतःचं कार्ड, माइक आणि एचडीएमआय केबल घेऊन जा. अर्धा तास सलग रेकॉर्ड करा, प्रत्येक पोर्ट हलवून बघा, मूळ बिल मागा.

१०. बॅगेत काय असावं

- तीन बॅटऱ्या आणि मल्टिप्लग असलेली लांब वायर
- व्ही३० (कार्डावर लिहिण्याच्या वेगाची खूण) किंवा त्यावरची दोन कार्डं. सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर ६४ जीबीत साधारण ८५ मिनिटं मावतात
- दोन हार्डडिस्क. दोन्हीवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही
- फ्लुइड हेडचा (कॅमेरा धक्के न बसता फिरवणारा) ट्रायपॉड
- व्हेरिएबल एनडी (फिरवून कमीजास्त गडद होणारा)
- एक छोटा एलईडी आणि थर्माकोलचा एक तुकडा. खिडकीच्या उलट्या बाजूला थर्माकोल धरला की चेहऱ्याची काळी बाजू उजळते
- मायक्रोपोर, कात्री, मऊ कापड, काळा प्लास्टिकचा कागद

ड्रोन आणि गिंबल (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) पहिल्या वर्षी भाड्यानेच आणा. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत; १०० वॉट-अवरपर्यंत त्या विनापरवानगी नेता येतात.

११. पावसाळ्यात

कोकणात, मुंबईत, कोल्हापुरात जूननंतर कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. मागून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे नारिंगी दाणे आणि दीडदोनशे रुपयांचा आर्द्रता मीटर. नारिंगी दाणे हिरवे पडले की ते ओलावा पिऊन भरले. जुन्या तव्यात मंद आचेवर हलवत राहा, पुन्हा नारिंगी होतात. पूर्ण गार झाल्यावर डब्यात टाका. चामड्याच्या बॅगेत लेन्स ठेवू नका. पावसातून आल्यावर बॅगही लगेच बंद करू नका; सगळं पुसून पंख्याखाली तासभर उघडं राहू द्या आणि मग डब्यात ठेवा.